गैरहजेरीचा पगार

अर्जाच्या सहाव्या रकान्यात विचारलंय:
संक्रमणकाळात आपण काय साध्य कराल?
शब्दमर्यादा तीनशे.

संक्रमण म्हटलं की माझ्या ओपीडीत
बायका तोंडावर पदर धरतात.
आईला तिळाचा भाव आठवतो.
अर्जाला मात्र एवढंच हवंय,
की मी अर्धी डॉक्टर राहून
उरलेली अर्धी संशोधक कशी होणार,
आणि पाच वर्षांनी
कुणाला न धरता उभी राहीन का.

चाल आम्ही अशीच तपासतो.
टाचेला बोट, टाचेला बोट, सरळ रेषेत.
मागे एक जण हात पसरून,
न शिवता.

वयाची अट चाळीस.
बाळंतपणाची सूट मुलामागे एक वर्ष.
मला एकच मुलगा आहे, तो आत झोपलाय,
त्याच्या नावावर मी एकेचाळीसपर्यंत तरुण.

बुधवारी दिवाळ्याहून हरेश्वर नाखवा आले होते.
चहाचा कप नीट धरतात. सही होते.
शर्टाची बटणं लागतात.
फक्त जाळ्याची सुई हातात आली
की करंगळी आत वळते, मनगट पाठ फिरवतं,
जसं एकाला हाक मारावी
आणि ओ दुसऱ्यानेच द्यावी.
"हात माजाच," म्हणाले,
"पन आयकतं कोनाचं?"

बाहेर त्र्याऐंशी केसपेपर होते.
मी त्यांना चार मिनिटं दिली
आणि अर्धी गोळी, रात्री, जेवणानंतर.
त्यांचा प्रश्न गेली नऊ वर्षं माझाही आहे
हे सांगायला पाचवं मिनिट लागलं असतं.

गेल्या खेपेला अर्ज परत आला होता.
परीक्षक क्रमांक दोन यांचा शेरा:
'उमेदवार अजून रुग्णांत गुंतलेली दिसते.'
मी तो शेरा बरेच दिवस
एखाद्या एमआरआयसारखा उजेडाला धरून पाहिला.
पांढरा डाग नक्की कुठे आहे, सापडेना.

हिशेब विभागातले तळपदे सही करताना थांबले.
"म्हणजे मॅडम, पाऊण पगार ते देणार,
आणि कशाबद्दल?"
मी इथे नसण्याबद्दल.
ते चष्मा काढून हसले.
"एकतीस वर्षं गैरहजेरीचे पैसे कापतोय मी.
भरायला आलेलं कुणी
आज पहिल्यांदा पाहतोय."

मार्चमध्ये मंजुरी आली.
कुणाला तरी आधी फोन करावा म्हणून
फोन हातात घेतला,
आणि आधी आठवले ते त्र्याऐंशी केसपेपर.

आता पहिला मोकळा बुधवार.
बेलापूरच्या ओपीडीत माझ्या खुर्चीवर
अदिती रणपिसे बसली असेल, दुसऱ्या वर्षाची,
चार मिनिटांत माणूस कसा आटोपायचा
हे तिला मीच शिकवलंय.
ते आठवलं की खुर्ची इथपर्यंत टोचते.

इथे म्हणजे दिवाळ्याच्या जेट्टीवर.
ओहोटी. चिखलात कलंडलेल्या होड्या,
वाळत घातलेल्या बोंबलांखाली एक मांजर, आशाळभूत.
नाखव्यांच्या हातावर मी सहा चकत्या चिकटवल्यात,
तारा लॅपटॉपला,
लॅपटॉप बर्फाच्या उपड्या पेटीवर.
नातू विचारतो, आजोबांना चार्ज करताय का.

"आज घाई नाय?" नाखवा विचारतात.
नाही म्हटलं. आजचे पैसे
कुणीतरी आधीच भरलेत.

ते सुई उचलतात.
पहिली गाठ बसते. दुसरी.
तिसरीला करंगळी हलते, आत, अगदी सावकाश,
आणि पडद्यावर रेषा उसळते
ती हात वळायच्या आधी.
आधी. मी पुन्हा बघते. आधीच.

"काय झालं?"
मला माहीत नाही, मी म्हणते,
आणि हे वाक्य
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मी घड्याळाकडे न बघता म्हणते.

"पुन्हा विणा," म्हणते.
ते चुकलेली गाठ दातांनी सोडवतात.